करिंथची मंडळी, पौल आणि तीत: बिघडलेलं नातं सावरण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पहिल्या शतकाच्या पन्नाशीत येशूचा संदेश गावोगाव सांगणारा प्रेषित पौल आणि ग्रीसमधल्या करिंथ शहरातली मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती समुदाय, यांच्यात जे घडलं, त्याची ही मांडणी आहे. साधनं मोजकीच आहेत. करिंथकरांना लिहिलेली दोन पत्रं, रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतले काही उल्लेख, आणि बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातली काही पानं. सगळी पौलाच्या बाजूची. त्याच्या विरोधकांनी लिहिलेली एक ओळही आपल्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांचं म्हणणं पौलाच्या उत्तरांतूनच गाळून घ्यावं लागतं.

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकण्याची पद्धत असते. इथे ते काम पौलानेच करून ठेवलंय. सोबत्यांची नावं तो भरभरून घेतो: तीमथ्य, तीत, सिल्वान, अपुल्लोस, स्तेफनास, अक्विला, प्रिस्किल्ला. विरोधकांपैकी एकाचंही नाव या दोन पत्रांत नाही. ‘कोणी एक’, ‘काही जण’, ‘असा माणूस’, बस्स एवढंच. त्या माणसांना ओळखणारे लोक पत्र ऐकायला समोरच बसलेले होते, त्यामुळे हे झाकणं माहिती लपवण्यासाठी नव्हतं. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार, जपून ठेवलं जाणार; त्यात विरोधकाला नावानिशी जागा द्यायची नाही, असा त्यामागचा हिशोब दिसतो.

करिंथ शहराबद्दल थोडं सांगायला हवं. रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये ते उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. वसायला आलेल्यांत गुलामीतून सुटलेल्यांचा मोठा भरणा होता. एका बाजूला लेखैयन, दुसऱ्या बाजूला किंख्रिया अशी दोन बंदरं, म्हणजे पूर्व-पश्चिम व्यापाराचा नाकाच. खानदानी म्हणावं असं फारसं कोणी नाही आणि वर चढायची घाई सगळ्यांना. अशा गावात चांगला वक्ता आपल्या घरी उतरतो, त्याचा खर्च आपण उचलतो, ही मिरवायची गोष्ट होती. पुढच्या भांडणात याचा वाटा मोठा आहे.

पौल इथे साधारण 50 साली आला. सम्राट क्लौद्याने रोममधून यहूद्यांना घालवल्यामुळे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं नुकतंच करिंथला आलं होतं. तेही तंबू करणारे, पौलही. त्यांच्याकडेच तो राहिला आणि काम करू लागला. पुढे सिल्वान आणि तीमथ्य मासेदोनियाहून येऊन मिळाले. दीड वर्ष मुक्काम झाला. या काळाचा अंदाज इतका नेमका लावता येतो तो डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखामुळे. पौलाला ज्याच्यासमोर उभं केलं गेलं तो अखयाचा, म्हणजे करिंथ ज्यात होतं त्या रोमन प्रांताचा, सुभेदार गल्लियो 51-52 च्या सुमारास त्या पदावर होता, हे त्यावरून ठरतं.

या दीड वर्षात पौलाने करिंथकरांकडून पैसे घेतले नाहीत. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी पाठवलेली मदत मात्र घेतली. हा तपशील ध्यानात ठेवावा.

प्रश्न कसा उभा राहिला

पौल गेल्यावर अपुल्लोस आला. आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात मुरलेला, बोलण्यात पटाईत. समुद्रापलीकडच्या इफिस शहरात अक्विला आणि प्रिस्किल्लाने त्याला आणखी शिकवलं होतं, म्हणजे तो पौलाच्याच गोतावळ्यातला. पण करिंथमध्ये ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे प्रेषित पेत्राचा)’ असे गट पडले. ही बातमी इफिसात पौलाला मिळाली ती ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून. पाठोपाठ मंडळीचं एक पत्र आलं, आणि स्तेफनास, फर्तूनात व अखायिक हे तिघे स्वतः आले. आपण ज्याला पहिलं पत्र म्हणतो ते पौलाने तेव्हा लिहिलं. त्याच्याही आधी एक पत्र गेलं होतं, असं त्यातच पाचव्या अध्यायात येतं, ते हरवलं.

इथवरचा वाद आतला होता. मंडळीतली माणसं एकमेकांशी भांडत होती आणि पौल समजावत होता. त्याने तीमथ्याला तिकडे पाठवलं. सोळाव्या अध्यायात त्याच्याविषयी जी सूचना आहे ती मात्र वाचणाऱ्याला थबकवते. तो तुमच्याकडे निर्भयपणे राहील असं बघा, कोणी त्याला तुच्छ लेखू नका, त्याला सुखरूप परत पाठवा. पाठवलेल्या माणसासाठी असं सांगावं लागत असेल, तर पाठवणाऱ्याला तिथल्या हवेचा अंदाज आला होता.

तीमथ्याच्या त्या फेरीबद्दल दुसरं पत्र गप्प आहे. आपल्याला दिसतं ते एवढंच की ठरलेला प्रवास सोडून पौल स्वतः करिंथला गेला. ही भेट फसली. कोणा एकाने त्याला सगळ्यांदेखत दुखावलं आणि मंडळी त्याच्या पाठीशी उभी राहिली नाही, असं पुढच्या मजकुरावरून दिसतं. पौल तिथून निघून इफिसला परतला. पुन्हा अशी दुःखाची भेट घ्यायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

हा दुखावणारा माणूस कोण? पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात बापाच्या बायकोला ठेवून घेतलेला जो माणूस आहे तोच हा, असा जुना समज आहे. तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने तो तिसऱ्या शतकातच खोडून काढला होता. पौल दुसऱ्या पत्रात ज्या गुन्ह्याबद्दल बोलतो तो त्याच्या स्वतःशी संबंधित आहे. आणि ज्याला मंडळीबाहेर काढा असं आधी ठणकावलं, त्याच्याबद्दल इतक्या मऊ शब्दांत तो लिहील असं मलाही वाटत नाही.

समोर असलेले पर्याय

इफिस ते करिंथ समुद्रमार्गे साधारण चारशे किलोमीटर. हिवाळ्यात जहाजं बंद. प्रत्येक निरोपाला आठवडे लागणार आणि एकदा पाठवलेलं पत्र मागे घेता येणार नाही. अशा स्थितीत पौलापुढे काय काय होतं?

स्वतः पुन्हा जायचं, हा पहिला पर्याय. तसं वचनही त्याने दिलं होतं: आधी करिंथ, मग मासेदोनिया, परत करिंथ आणि तिथून यहूदिया. पण गेलो तर पुन्हा तेच होईल ही भीती. न गेलो तर शब्द फिरवल्याचा ठपका, आणि तो आलाच. ‘होय होय’ आणि ‘नाही नाही’ एकाच तोंडाने म्हणतो, असं लोक बोलू लागले. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याला याचा खुलासा करावा लागला: तुमची गय करावी म्हणूनच आलो नाही.

अपुल्लोसाला पाठवायचं, हा दुसरा. करिंथकरांना तो हवाच होता. पण पौलाने पूर्वीच त्याला फार विनवलं होतं आणि त्याची इच्छा नव्हती. हे वाक्य पहिल्या पत्राच्या शेवटी सहज येऊन जातं. माझ्या मते ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात समंजस ‘नाही’ आहे. ज्याच्या नावाने गट पडलाय, त्याने त्या गावात पाऊल न टाकणंच बरं.

तीमथ्याला पुन्हा पाठवण्यातली अडचण वर आलीच आहे. त्यात आणखी एक गोष्ट. करिंथमध्ये पहिल्यांदा उपदेश केला तो पौल, सिल्वान आणि तीमथ्य यांनी. म्हणजे तीमथ्य वादातल्या एका पक्षाचाच माणूस. त्याने कितीही गोड बोललं तरी ऐकणारा म्हणणार, तुम्ही पौलाचेच.

यरुशलेमहून किंवा केफाकडून एखादं शिफारसपत्र आणून अधिकार सिद्ध करायचा, हा मार्गही होता. विरोधक तोच वापरत होते. पौलाने तो नाकारला. माझं शिफारसपत्र म्हणजे तुम्हीच, असं दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो. वाक्य सुंदर आहे, पण वादात त्याचा उपयोग तेवढाच, जेवढा समोरचा अजून आपला असतो.

राहिला तो मार्ग त्याने धरला: एक कडक पत्र, आणि ते घेऊन जायला नवा माणूस.

तीतच का

तीत हा ग्रीक. पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले तेव्हा त्यांनी त्याला बरोबर नेलं होतं. सुंता न झालेला माणूस तिथल्या वडील मंडळींसमोर उभा केला, आणि त्याची सुंता करण्याची सक्ती झाली नाही, हे गलतीकरांस पत्रात पौल अभिमानाने सांगतो. म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा वाद पेटलेला असताना मधोमध उभं राहण्याचा अनुभव तीताच्या गाठीशी होता. करिंथ मंडळीच्या स्थापनेत तो नव्हता. पौलाने त्याच्यापाशी करिंथकरांची वाखाणणी केली होती आणि ती खरी ठरली म्हणून तो दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात हायसं वाटून घेतो. यावरून तीत तिथे बहुधा पहिल्यांदाच जात होता. कोरी पाटी घेऊन गेलेला माणूस. त्याच्याशी कोणाचं जुनं देणंघेणं नव्हतं.

आश्चर्य असं की प्रेषितांच्या कृत्यांत तीताचं नावच नाही. पत्रं नसती तर हा माणूस आपल्याला कळलाच नसता.

प्रत्यक्षात काय झालं

पौलाने फार क्लेशाने, रडत रडत पत्र लिहिलं. तीतच ते घेऊन गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात. पत्र गेल्यावर पौलाला पश्चात्ताप झाला. हे तो स्वतः कबूल करतो. तो त्रोवसला आला. तिथे कामाला चांगली संधी होती, पण तीत भेटला नाही म्हणून त्याला चैन पडेना. हातातलं काम टाकून तो मासेदोनियाला निघाला. तिथेही बाहेर भांडणं, आत भीती.

मग तीत आला, आणि बातमी चांगली होती. करिंथकरांनी त्याला भीत-कापत स्वीकारलं, त्यांना वाईट वाटलं, दुखावणाऱ्याला बहुमताने शिक्षाही केली.

पुढचा निर्णय मला या प्रकरणात सर्वात मोलाचा वाटतो. शिक्षा झालीय, ती पुरे, असं पौल लिहितो. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. जिंकलेल्या माणसाला आणखी थोडं जिंकावंसं वाटतंच. इथे अपमान खुद्द पौलाचा झालेला, मंडळी नुकतीच त्याच्या बाजूला वळलेली, आणि नेमक्या त्याच वेळी त्याने हात आवरता घेतला. ‘बहुमताने’ याचा अर्थ असाही होतो की काही जणांना ती शिक्षा मान्य नव्हती. ताणलं असतं तर तीच फट पुन्हा रुंदावली असती.

वर्गणीचा पेच

संबंध सुधारताच पौलाने यरुशलेममधल्या गरिबांसाठीच्या वर्गणीचा विषय काढला. अखयात ती वर्षभरापूर्वी सुरू होऊन रखडली होती. मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल असून त्यांनी आपणहून दिलं, असा चिमटाही त्याने काढला.

घाई झाली का? मला वाटतं, हो. आणि पौलालाही त्याची जाणीव असावी, कारण या खेपेला त्याने केलेली व्यवस्था फार काळजीपूर्वक आहे. तीत पुन्हा जाणार, पण एकटा नाही. बरोबर दोन भाऊ. एकाचं सर्व मंडळ्यांत नाव आहे आणि मंडळ्यांनीच त्याला या प्रवासासाठी निवडलंय. दुसरा अनेकदा पारखून घेतलेला. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून ही खबरदारी, असं तो सरळ लिहितो. गणपतीच्या मंडळात पावतीपुस्तक सांभाळलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही: पैसे गोळा करणारा आणि मोजणारा एकच असू नये. गंमत म्हणजे हे दोघे सोबती असूनही त्यांची नावं पत्रात नाहीत. बहुधा ते पत्राबरोबरच तिथे पोचणार होते, ओळख समोरासमोर होणार होती.

नवे विरोधक

दुसऱ्या पत्राचा दहावा अध्याय सुरू होतो आणि सूर एकदम पालटतो. नऊ अध्याय समजुतीचे, पुढचे चार रागाचे, उपरोधाचे. बाहेरून काही जण आलेले आहेत. ते इब्री आहेत, इस्राएली आहेत, अब्राहामाच्या वंशातले आहेत, शिफारसपत्रं घेऊन फिरतात, मोबदला घेतात. पौल त्यांना ‘अतिश्रेष्ठ प्रेषित’ असा टोला मारतो, पुढे तर खोटे प्रेषितच म्हणतो. त्यांचा आरोप नेमका होता: याची पत्रं वजनदार, माणूस मात्र समोर आला की दुबळा आणि बोलणं टाकाऊ.

दुसरा आरोप पैशाचा, आणि तो दुहेरी. तुमच्याकडून घेत नाही, कारण तुम्ही त्याला आपले वाटत नाही. आणि वरकरणी घेत नाही, पण तीतासारख्यांना पाठवून वर्गणीच्या नावाखाली काढतो. पौलाचं उत्तर बाराव्या अध्यायात आहे: तीताने तुमच्याकडून काही उकळलं का?

याच वाक्यामुळे मला या चार अध्यायांविषयीचं एक मत जास्त पटतं. अठराव्या शतकात झेम्लर या जर्मन अभ्यासकाने हे पत्र एकसंध नसावं अशी शंका काढली. 1870 मध्ये हाउसराथने मांडलं की दहा ते तेरा हे अध्याय म्हणजेच ते अश्रूंचं पत्र. तसं असेल तर भांडण आधी आणि समेट नंतर, शेवट गोड. पण इथे तीताला आणि एका भावाला पाठवल्याचा उल्लेख भूतकाळात येतो, आणि अशी पाठवणी आठव्या अध्यायात ठरते आहे. म्हणून हे चार अध्याय समेटानंतरचे मानावेत असं मला वाटतं. म्हणजे मिटलेलं प्रकरण बाहेरच्या माणसांनी पुन्हा उकरलं, आणि वर्गणीने त्यांना आयतं निमित्त दिलं.

पौलाने त्यांना त्यांच्याच शैलीत उत्तर दिलं, पण उलटं. ते कर्तबगारी मिरवतात, तर हा मार मिरवतो. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं. शेवटी दिमिष्कच्या (दमास्कसच्या) तटावरून पाटीत बसून खाली उतरल्याची कथा. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला मानाचा मुकुट मिळे. वसाहतीत राहणाऱ्या करिंथकरांना तटावरून पळालेल्याची ही बढाई ऐकून हसू आलं असेल की लाज, सांगवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रवासाचा बेत बदलणं ही चूक नव्हती. बदलल्याचं वेळेवर न कळवणं ही होती. दुसऱ्या पत्रातला खुलासा टीका सुरू झाल्यावर आलाय.

तीमथ्याच्या बाबतीत पौलाने माणूस निवडताना जवळीक पाहिली, जागेचा विचार केला नाही. स्तेफनास, फर्तूनात आणि अखायिक हे करिंथचेच तिघे त्या वेळी इफिसात होते. स्तेफनासाचं घराणं अखयातलं पहिलं फळ, म्हणजे तिथले पहिले विश्वासणारे, अशा लोकांचं ऐका, असं पौलाने लिहिलं खरं. पण गावातल्या गावात वाद मिटवायला त्यांच्यावर ठोस जबाबदारी टाकल्याचं पत्रात दिसत नाही. ती टाकली असती तर समुद्र ओलांडून येणाऱ्या दूतांवर एवढा भार आला नसता.

आणि पैसा. मोबदला न घेण्यामागचं कारण पौलाकडे पक्कं होतं: कोणाच्या उपकारात राहायचं नाही. करिंथसारख्या गावात ते शहाणपणाचंही होतं. पण मासेदोनियाकडून घ्यायचं आणि करिंथकडून नाही, हा भेद त्याने लपवला नाही, उलट मी दुसऱ्या मंडळ्यांना लुटलं असं चढ्या सुरात सांगितलं. ज्याच्याकडून घ्यायला नकार दिला त्याचा मान कसा राखायचा, हे त्याला जमलं नाही. पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायापासून तो हे समजावतोय आणि शेवटपर्यंत समजावतोच आहे.

निष्पत्ती

पौल तिसऱ्यांदा करिंथला गेला. प्रेषितांची कृत्ये ग्रीसमधला तीन महिन्यांचा मुक्काम नोंदवतात. रोमकरांस पत्र त्याच काळातलं मानतात. त्यात मासेदोनिया आणि अखया या दोघांनी यरुशलेमसाठी वर्गणी दिल्याचं तो लिहितो, म्हणजे करिंथने शेवटी हात सैल केला. तो गायसाच्या घरी उतरला होता. शहराचा खजिनदार एरास्त सलाम सांगतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस तो करतो. शिफारसपत्रांवरून इतकं ऐकून घेतलेल्या माणसाने शिफारस लिहावी, हे वाचताना गंमत वाटते. तीमथ्यही तिथेच होता. तीताचं नाव मात्र त्या सलामांत नाही.

वर्गणी घेऊन जाणाऱ्या पथकाची यादी कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे: बिरुया, थेस्सलनीका, दर्बे, आशिया. त्यात करिंथचा म्हणून कोणीच नाही.

साधारण चाळीस वर्षांनी, पहिलं शतक संपत आलं असताना, रोमच्या मंडळीने करिंथला एक लांब पत्र पाठवलं. ते क्लेमेंतच्या नावाने ओळखलं जातं. करिंथमध्ये पुन्हा दुफळी माजली होती, तरुणांनी वडील मंडळींना पदांवरून काढलं होतं. पौलाचं पत्र हातात घ्या, त्याने तुमच्या गटांविषयी काय लिहिलं ते बघा, असं रोमकर सांगतात. दूत म्हणून तिघांची नावं येतात: क्लौद्य एफेब, वलेर्य बितो आणि फर्तूनात. ज्यांनी बंड केलं त्यांचं नाव याही पत्रात नाही.